टाचांना जागा

आवृत्ती एक

बाबांना बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं, एवढीच अडचण असती तर घरात इतका खल झाला नसता. अडचण अशी होती की त्यांना कुणी उठवलेलंही चालत नव्हतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं, जखम भरली, काठी टेकत ते घरभर फिरायलाही लागले. पण एकदा बसले की बसले. मुलगा काखेत हात घालायला पुढे व्हायचा आणि बाबा त्याच्याकडे असे बघायचे की त्याचे हात आपोआप खिशात जायचे. हळूहळू त्यांनी जेवणाच्या टेबलापाशी येणंच सोडलं. पलंग उंच होता, त्यावरून कसंबसं उठता यायचं, म्हणून ताट तिथेच मागवायचे. दार लोटलेलं, आतून चमच्याचा आवाज तेवढा बाहेर.

सगळी गल्ली त्यांना पंच म्हणायची. उभा जन्म फुटबॉलच्या मैदानावर शिटी तोंडात धरून धावण्यात गेलेला. त्यामुळे फुटबॉल क्लबचा चिटणीस आमंत्रण घेऊन घरी आला तेव्हा सुनेनं खुशाल चहा टाकला. नव्या हंगामाचा पहिला सामना, पहिल्या रांगेत पंचांची जागा राखलेली, गाडी घ्यायला येईल, सगळी सोय.

"नाही जमणार," बाबा म्हणाले.

चिटणीस गेल्यावर मुलानं विचारलं, "का नाही जमणार?"

"संघ मैदानात येताना सगळे उठून उभे राहतात. मी काय बसून बघू? की तू मला गोणीसारखा उचलणार?"

"धरतो ना मी."

"पंचाला दोघं धरून उभा करतात तेव्हा एक तर तो मेलेला असतो, नाही तर विकला गेलेला. मी दोन्ही नाही. विषय संपला."

तो संपला नाही, कारण सून मध्ये पडली. कप गोळा करता करता ती म्हणाली, "तुम्ही जाल, बाबा. आणि उठाल पण. कुणाचा हात न लागता."

"कसा?"

"खुर्ची करते मी."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. औषधांच्या दुकानात काम करणारा माणूस, वाटेल ते आश्वासन कुणाला देऊ नये हे त्याच्या अंगात भिनलेलं. "अगं, तू खोकी करतेस. खुर्ची म्हणजे बिस्किटांचं खोकं नव्हे."

"खोकंच आहे. आत बिस्किटांऐवजी सासरे."

बोलून गेली खरी. आता सामन्याच्या आत ते निस्तरणं आलं.


आवृत्ती एक, खरी

ती पॅकिंगच्या कारखान्यात खोक्यांचे नकाशे काढायची. चपलांचं, केकचं, बल्बचं. सपाट पुठ्ठा कुठे कापला आणि कुठे मुडपला म्हणजे उभा राहतो, हे तिचे हात झोपेतही सांगू शकत. लाल रेघ म्हणजे काप, निळी रेघ म्हणजे घडी. खोकं चारी बाजूंनी बंद झालं नाही तर तिला चैन पडत नसे.

गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या लाँड्रीच्या जागेत, मशीनघर होतं. कपड्यांच्या वाफेचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता, त्यात आता लाकडाच्या भुशाचा मिसळलेला. संगणकातला नकाशा वाचून प्लायवूडचा अख्खा ताव कापणारा एक मोठा राउटर, प्लॅस्टिकचे सुटे भाग थरावर थर देत छापणारे दोन प्रिंटर, आणि एक केटली, जी त्या तिन्हींपेक्षा जास्त चाले. वर्गणी भरून कुणीही यावं, हवं ते करावं. अट एकच, दारावरच रंगवलेली: इथे बनेल त्याचा नकाशा सगळ्यांसाठी नेटवर ठेवायचा, कुणी सुधारला तर त्यानंही आपली सुधारणा परत तिथेच ठेवायची.

मशीनघर सांभाळणाऱ्याला सगळे सूतभर म्हणत. पूर्वी खिडक्या बसवायचा. कसलंही काम दाखवा, तो एक डोळा मिटून म्हणणार, "सूतभर जास्त आहे."

"कुणाचं माप?" त्यानं नकाशा बघत विचारलं.

"बाबांचा गुडघा. झोपले होते तेव्हा घेतलं."

"चोरून?"

"सासऱ्यांचा गुडघा, त्यात चोरी कसली."

दोन बाजू, एक बैठक, एक पाठ आणि पुढून बैठकीपासून जमिनीपर्यंत एक पट्टी. पाच तुकडे, खाचा एकमेकांत बसवायच्या, खिळा नाही, स्क्रू नाही. पुढची पट्टी तिच्या डोळ्यांपुढे खोक्याच्या पाकळीसारखी बैठकीवरून खाली मुडपलेली होती, म्हणून हातानं ती सवयीनं निळ्या रेघेत काढली. राउटरला मात्र लाल म्हणजे आरपार काप आणि निळी म्हणजे नुसती वरवर कोर. सूतभरनं ते पाहिलं, मनात "खोकेवाली" म्हणाला, आपल्या संगणकावर निळीची लाल केली आणि कापायला लावलं. सांगण्याइतकं त्यात काय होतं? दर वेळी तसंच करत राहिला.

बाबा खुर्चीत बसले. हातांवर टेकले, जोर लावला, चेहरा लाल झाला. परत बसले.

"निर्णय?" मुलानं हळूच विचारलं.

"खेळ पुढे चालू," बाबा म्हणाले. म्हणजे नापास.


आवृत्ती दोन, तीन आणि जिचं नाव घेऊ नये ती

नेटवर नकाशा गेल्यावर माणसं यायला लागली. प्रत्येकजण आपापल्या भाषेत लिही, नेट त्याचं आपल्या भाषेत करून दाखवी, आणि ते करताना सगळ्यांनाच थोडं थोडं बोबडं बोलायला लावी.

होडीवाला, कुठल्याशा बंदरावरचा: "नमस्कार खुर्ची-बाई. तुमच्या खाचा सुंदर आहेत. हातांना पुढे वाढवा, म्हातारा नाविक कठडा पुढून धरतो."

हात वाढवले. बाबा टेकले, जोर लावला, परत बसले.

खोगीर शिवणारा एकजण: "बैठक मागे झुकली आहे, स्वार पुढे झुकला पाहिजे."

बैठक सपाट केली. बाबा टेकले, जोर लावला, परत बसले.

चौघांची आई, असंच नाव लावलेली: "उंच करा. मी माझ्या सासूबाईंना उशीवर उशी देते. आता त्या बोलतातही वरून."

उंच केली. ही ती जिचं नाव घेऊ नये. बाबांचे पाय जमिनीपासून वर लोंबायला लागले आणि नातवंडासारखं खुर्चीत बसवलेला आपला बाप पाहून मुलाला हसू आलं. त्याला ते आवरलं असतं, पण बाबांनी पाय हलवले.




मधला तिढा

मुलाचंच तोंड सैल. समजूत काढायला म्हणून तो बाबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "अहो, एवढं काय मनावर घेता. कुठकुठली माणसं तुमच्या खुर्चीवर डोकं चालवताहेत. नेटवर नकाशावर लिहिलंय ना, 'बाबांचा गुडघा', इतकं उंच."

"काय लिहिलंय?"

मग सुनेला बोलावणं आलं. ती ओले हात पुसत दारात उभी राहिली.

"माझा गुडघा," बाबा म्हणाले, "नेटवर आहे?"

"माप आहे, बाबा. फोटो नाही."

"माझा गुडघा म्हणजे काय चौकातला कट्टा आहे? कुणीही यावं, टेकावं?"

"तुमच्यामुळे चार जणांना..."

"मला चार जणांचं सांगू नकोस. मी पलंगावर जेवतो ते कुणी बघू नये म्हणून दार लोटतो. आणि तू जगाला पत्ता दिलास की इथे एक म्हातारा आहे, त्याला उठता येत नाही."

खोक्यावर माप छापतात तसं तिनं ते छापलं होतं. आत माणूस आहे आणि त्याला वाचता येतं, हे डोक्यातच आलं नाही.

"पुसून टाकू?" तिनं विचारलं.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. पुसायचं सोपं होतं. पण पुसलं तर खुर्ची राहिली, आणि खुर्ची राहिली तर बाबा या खोलीतच राहिले. तिनं पुसलं नाही. "बाबांचा गुडघा" खोडून नुसतं "गुडघा" केलं आणि स्वतःवरच चिडत भांडी घासायला गेली.


एक निरोप, जसा आला तसा

"प्रिय खुर्ची-बाई. मी ग्रंथपाल आहे, आमच्याकडे आता बर्फ आहे. आपली खुर्ची माझ्या आत्यासाठी कापवून घेणे झाले. आभार. एक प्रश्न. चार तुकडे निघाले आणि तावाच्या उरलेल्या भागावर एक लांब चौकोन सुंदर कोरलेला आला. तो कशासाठी? आम्हाला तो सजावट वाटला, म्हणून आम्ही तो भिंतीवर लावला. खुर्ची किंचित डोलते. आत्या म्हणते, चालेल, मीही डोलते."

तिनं हा निरोप कारखान्यात, मधल्या सुट्टीत वाचला आणि घास तोंडातच राहिला. निळी रेघ. कापायची पट्टी निळ्या रेघेत. सूतभरला फोन लावला.

"माझ्या नकाशात पुढची पट्टी निळी आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि तू बोलला नाहीस?"

"मी लाल करून कापायचो. तुझा हात मला माहितीय. जगाला कसा माहीत असणार, हे खरं माझ्या लक्षात यायला हवं होतं." थोडा थांबून तो म्हणाला, "सूतभर चूक माझीही."

पुढची पट्टी नाही म्हणजे दोन्ही बाजूंना पुढून बांधणारं काहीच नाही. बर्फाच्या गावात कुणाची तरी आत्या डुगडुगत्या खुर्चीत बसलेली तिला दिसली. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाजही ऐकू आला. तिनं घाईघाईनं लिहिलं: बसू देऊ नका, चूक माझी आहे, खुर्ची अपुरी आहे, मी आजच्या आज दुरुस्त करते.

उत्तर लगेच आलं. "आपण उशीर केलात. आत्या बसली. आता ती ऐकत नाही. उठते, बसते, पुन्हा उठते. शेजारणींना बोलावून दाखवते. ती इतक्या सहज गेल्या दोन हिवाळ्यांत उठली नव्हती."

खाली फोटो. लाल लोकरी मोजे घातलेली एक जाडजूड बाई, उठण्याच्या बेतात, कंबर बैठकीपासून जेमतेम सुटलेली.

ती फोटोकडे बघत बसली. चेहरा नाही बघितला, हात नाही. पाय बघितले. बाईंच्या टाचा खुर्चीच्या खाली होत्या. आत, बैठकीच्या खाली, जिथे पट्टी असायला हवी होती त्याच्याही मागे.

तिनं आपल्या स्टुलावर बसून पाय पुढे ठेवून उठायचा प्रयत्न केला. उठवेना. टाचा मागे घेतल्या. उठली. पुन्हा बसली, पुन्हा पुढे. नाही. पुन्हा मागे. उठली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काय गं, मुंग्या चावतायत का?"

बाबांच्या टाचा आजवर दर वेळी पट्टीवर आपटत होत्या. तिनं त्यांना खोक्यात घातलं होतं. चारी बाजूंनी बंद, नीटनेटकं, आणि म्हणून उठता न येणारं.


आवृत्ती पाच, जोडणी

आधी दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करा. पुढची पट्टी शोधू नका, ती काढून टाकली आहे.

डोलू नये म्हणून होडीवाल्यानं सुचवलेला बाक, म्हणजे लाकडाचा वाकडा तुकडा, घ्या. होडीच्या फळ्या जिथे मिळतात तिथे तो असाच वाकडा आधार घालतो. इथे तो बैठकीच्या खाली, पार मागे बसवायचा, टाचांच्या वाटेत न येता. खाच घट्ट लागेल. सूतभर म्हणेल, सूतभर जास्त आहे. त्याला घासू द्या.

बाबांना बोलवायला जा. ते येणार नाहीत.

त्यांना तो फोटो दाखवा. ते चष्मा मागतील. बराच वेळ बघतील.

"ही कोण?"

"ग्रंथपालाची आत्या. तुमच्याच मापाच्या खुर्चीवरून उठतेय. पुढची पट्टी चुकून कापायची राहिली, म्हणून टाचा आत जातात. तिचा गुडघा नि तुमचा गुडघा एका उंचीचा निघाला, म्हणते."

"माझ्या मापाच्या?"

"बदललं नाही मी माप. नाव खोडलं फक्त."

"चूक कुणाची होती? ही पट्टी न कापण्याची?"

"माझी. आणि ती चूक झाली नसती तर मला कळलंच नसतं."

आता थांबा. बाबा फोटो परत देणार नाहीत. ते म्हणतील, "नाव कशाला खोडलंस?"

उत्तर देऊ नका. बैठक खाचांत बसवा, वरून हातोडीनं ठोका, हातोडीखाली कापड धरा. पाठ सर्वांत शेवटी.


आवृत्ती पाच, चाचणी

बाबा बसले. सूतभर भिंतीला टेकून, मुलगा दारात, ती खुर्चीच्या अगदी जवळ, हात अर्धे पुढे आलेले.

"हात खाली," बाबा म्हणाले.

तिनं हात मागे बांधले.

"टाचा आत घ्या, बाबा. अजून आत. आता नाक गुडघ्यांच्या पुढे जाऊ द्या."

"पडलो तर?"

"तर मी खोटी ठरले."

बाबांनी टाचा आत ओढल्या. पुढे वाकले. कंबर सुटली, हवेत थांबली, मांड्या थरथरल्या. सूतभरनं श्वास धरला. आणि बाबा खाली बसले.



"घाई केली," बाबा स्वतःलाच म्हणाले. "धावण्याआधी मैदान बघायचं असतं." त्यांनी पावलं एकेक करून नीट रोवली, तळव्यांनी खुर्चीचे हात चाचपले, वाकले, आणि उठले. म्हणजे एकदम उठले असं नाही. आधी वाकडे, मग कमी वाकडे, मग सरळ. पण त्यात दुसऱ्या कुणाचं बोटही नव्हतं.

मुलानं नाक शिंकरायचं निमित्त करून तोंड फिरवलं. सूतभर म्हणाला, "बरोब्बर," आणि त्याच्या तोंडून हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आला.

त्या दिवसापासून बाबा टेबलापाशी जेवू लागले. पहिल्याच दिवशी मुलाला म्हणाले, "कोपर टेबलावरून काढ." घर पूर्ववत झालं.


मैदान

खुर्ची गाडीच्या टपावर बांधून नेली. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या आणि मधोमध ही, प्लायवूडचे पापुद्रे कडेला दिसणारी, बिनरंगाची. बाबांच्या शेजारी जुन्या काळचा एक गोलरक्षक बसलेला, सहाफुटी, गुडघे हनुवटीशी आल्यासारखे. दोघांचं जुनं वैर. बाबांनी कधीकाळी त्याच्याविरुद्ध दिलेली पेनल्टी तो अजून मान्य करत नव्हता.

संघ बाहेर आले. रांगा उभ्या राहू लागल्या. क्लबची दोन मुलं बाबांकडे धावली, काखेत हात घालायच्या तयारीनं. ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली.

"आजोबांना..."

"त्यांचं ते बघतील."

ती मागे वळली नाही. तिच्या पाठीशी काय चाललंय ते तिला त्या मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आधी काळजी. मग त्यांच्या नजरा हळूहळू वर चढायला लागल्या, तिच्या कमरेच्या उंचीवरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून डोक्याच्याही वर, कारण बाबा तिच्यापेक्षा उंच होते आणि ही गोष्ट ती गेले कित्येक महिने विसरून गेली होती.

संघ पुढून गेले. एका खेळाडूनं मान लववली. बाबा ताठ उभे होते, काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली.

शेजारचा गोलरक्षक दोन मुलांच्या खांद्यांवर लोंबकळत उभा होता. दम लागलेला. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"कुठून आणलीस?"

"आणली नाही, केलीय," बाबा म्हणाले आणि तिच्याकडे बोट केलं. "ही माझी सून. खाचा हिच्या, आधार होडीवाल्याचा, हात चार-पाच जणांनी भांडून ठरवलेत, आणि पुढची फळी बर्फातल्या एका बाईमुळे गेली. माप माझं आहे."

"चौघांची आई म्हणाली होती उंच करा," ती म्हणाली. "ते नाही ऐकलं शेवटी."

"तिला तसं कळव. बिचारी वाट बघत असेल."

गोलरक्षकानं बैठकीवर थाप मारली. "बसून बघू?"

"बस. पण टाचा आत."

तो बसला. गुडघे हनुवटीपर्यंत आले. टाचा आत घेतल्या, झटका मारला, अर्ध्यात आला आणि दाणकन परत.

"तुझी खुर्ची खोटी आहे, पंच. तुझ्यासारखीच."

"खुर्ची खरी आहे. तंगड्या तुझ्या लांब. माझ्या मापात तुझा गुडघा कसा मावेल?" बाबा सुनेकडे वळले. "आकडा बदलला की बाकीचं आपोआप बदलतं ना?"

"बदलतं. गुडघ्याचा एक आकडा घातला की सगळी खुर्ची त्याच्याबरोबर वाढते. चौघांची आई आणि खोगीरवाल्यानं मिळून बसवलंय तसं."

"मग टेप काढ."

"बाबा, सामना सुरू झालाय."

"मी आहे ना बघायला. तू टेप काढ."

तिनं पर्समधून टेप काढला आणि गोलरक्षकासमोर गवतावर गुडघे टेकले. "मोजू का?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो आधी लाजला आणि मग पँट घोट्यावरून वर ओढून नीट बसला. बाबा वाकून आकडा वाचायला लागले, एक हात स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवर, दुसरा हवेत, शांत राहा म्हणणारा.

"पाय हलवू नकोस."

"तू आकडा नीट वाच. त्या पेनल्टीसारखा वाचू नकोस."

"ती पेनल्टीच होती."

मागे मैदानात एकदम ओरडा झाला, अख्खी रांग उसळून उभी राहिली, कुणीतरी टोपी उडवली. पहिला गोल कुणी केला हे त्या तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.